एका गाडीतल्या दोन यात्रा

पोर्तुगालला जायचे, हे आमच्या घरात २०२२ सालीच ठरले होते. मतभेद होता तो कशासाठी जायचे, एवढ्यापुरताच.

त्या वर्षी पत्नीच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली. आदल्या रात्री इस्पितळातल्या खाटेवर बसून ती फातिमामातेला नवस बोलली : यातून उठले तर तुझ्या दारी येईन. ती उठली, घरी आली, आणि नवस फेडण्याची जबाबदारी आपसूकच माझ्या खात्यावर जमा झाली. खरे सांगायचे तर पोर्तुगालचे वेध मला त्याच्याही कितीतरी आधीपासून लागले होते. परंतु माझ्या मनातला पोर्तुगाल निराळा होता. त्यात मंदिर नव्हते, मेणबत्त्या नव्हत्या. आलेंतेजो प्रांतातली गव्हाची उघडी मैदाने होती आणि त्या मैदानांवर वसंत ऋतूत पिसारा उलटा करून नाचणारा, इंग्रजीत ज्याला ग्रेट बस्टर्ड म्हणतात तो, आपल्या माळढोकाचा युरोपातला थोरला भाऊ होता.

माळढोक हा शब्द आमच्या घरात जपूनच उच्चारावा लागतो. त्याचे कारण सांगितल्यावाचून पुढचे काही कळणार नाही.

१९८६ सालच्या ऑगस्टमध्ये शाळेला लागून आलेल्या सुट्ट्या साधून मी रात्रीच्या गाडीने सोलापूरला गेलो. तिथून नान्नज. १९७९ साली तिथे माळढोकासाठी अभयारण्य घोषित झाले होते आणि सालीम अली यांचे पुस्तक वाचून पक्ष्यांच्या नादी लागलेल्या आम्हा चार शिक्षकांना त्या पक्ष्याने अक्षरशः झपाटले होते. याच पक्ष्याला राष्ट्रीय पक्ष्याचा मान द्यावा, असे सालीम अलींनी सुचवले होते. पुढे १९६३ साली तो मान मोराला मिळाला. मी निघालो तेव्हा आमची दहा महिन्यांची मुलगी तापाने फणफणली होती. "साधा ताप आहे, उतरेल," असे मी म्हणालो आणि पिशवी उचलली. नान्नजला दुसऱ्या दिवशी सकाळी ओल्या गवतातून एक नर चालत आला, मान फुगवून उभा राहिला आणि त्याचा खोल, घुमणारा आवाज माळावरून आला. आयुष्यात इतका आनंद मला क्वचितच झाला असेल. तो रविवार होता. मिस्साही चुकली होती. घरी परतलो तेव्हा ताप साधा नसून गोवर असल्याचे कळले. भर पावसात पोरीला छातीशी धरून पत्नी आणि माझी आई दवाखाना गाठण्यासाठी दोन मैल चालत गेल्या होत्या.

पत्नी त्या वेळी काही बोलली नाही. मात्र तेव्हापासून माझ्या प्रत्येक हलगर्जीपणाला तिने एक नाव देऊन ठेवले. विजेचे बिल भरायचे राहिले, लग्नाचा वाढदिवस विसरलो, की ती शांतपणे विचारते, "आज कुठला माळढोक?"

असा हा इतिहास पाठीशी घेऊन मी प्रवासाचा पहिला आराखडा तयार केला. नरांच्या नाचाला मार्चअखेरीस ऐन बहर येतो, म्हणून मार्चचा शेवटचा आठवडा. नऊ दिवस, अकरा पक्षिस्थळे, भाड्याची मोटार, चालवायला डब्लिनहून येणारी आमची मुलगी (तीच ती गोवरवाली), आणि फातिमा अर्धा दिवस, जेवणासह. पत्नीने चष्मा लावून कागद वाचला. "नाव छान सुचतंय याला," ती म्हणाली. "फातिमा, जेवणासह."

दुसरा आराखडा तिने केला. त्यात पवित्र सप्ताह होता, फातिमा होते, सांतारेंचा पवित्र साक्रामेंताचा चमत्कार होता, एव्होरा होते, उत्तरेचे ब्रागा होते आणि सीमा ओलांडून स्पेनमधले सांतियागोही होते. पक्ष्यांसाठी जागा ठेवली होती. 'वाटेत दिसतील ते' असे तिने समासात लिहिले होते.

तिसरा आराखडा व्हायला दोन महिने लागले. जेवणाच्या मेजावर नकाशा कायमचा पसरलेला असे. तिच्या जागांना तांबडी पेन्सिल, माझ्या जागांना हिरवी. मुलगी दूरध्वनीवरून मध्यस्थी करी. तिची स्वतःची अट एकच होती, दुपारी झोप. गंमत अशी की, वाद मिटवला तो या अटीने. पक्षी पाहण्याचा काळ म्हणजे पहाट आणि संध्याकाळ. ऊन चढले की मैदानावर हवा थरथरू लागते आणि दुर्बिणीतून दगड आणि पक्षी सारखेच दिसतात. चर्चचे दरवाजे सहसा नऊ-दहाशिवाय उघडत नाहीत. लहान गावांत दुपारी तेही बंद. म्हणजे पहाट माझी, सकाळ तिची, दुपार मुलीच्या झोपेची, आणि संध्याकाळ ज्या गावी असू त्या गावाच्या मर्जीची. इतके सोपे गणित बेचाळीस वर्षांच्या संसारात आम्हाला सुचले नव्हते.

मग काटछाट. एका दिवसात मोटारीत दोन तासांहून फार अधिक बसायचे नाही, असा डॉक्टरांचा दंडक होता. तिने ब्रागा आणि सांतियागो सोडले. मी उत्तरेकडच्या दोरू नदीच्या कड्यांवरची गिधाडे सोडली, ती सोडताना मला फार जड गेले आणि तसे मी बोलूनही दाखवले. तारखेवर मात्र ती अढळ राहिली. २०२५ साली ईस्टर २० एप्रिलला होता. नाचाचा बहर तोवर ओसरत आलेला असणार, हे मी तिला तक्ते काढून समजावले. ती म्हणाली, "पक्ष्यांना पुढचं वर्ष आहे. माझं डॉक्टरांना विचारा." यावर काय बोलणार?

एक करार मात्र लेखी झाला : फातिमाला असेतोवर दुर्बीण मोटारीच्या डिकीतून बाहेर निघणार नाही.

नकाशावर एकच जागा अशी निघाली की तिथे तांबडी आणि हिरवी खूण एकमेकींवर पडली. ती म्हणजे युरोपच्या नैर्ऋत्य टोकावरचे संत व्हिन्सेंटचे भूशिर. तिच्याविषयी पुढे सांगतो.

लिस्बनला आम्ही १४ एप्रिलला उतरलो. दुसऱ्या दिवशी पहाटे तेजो नदीच्या पैलतीरावर, सामोकोच्या मिठागरांत. तिथे जायला जो लांबलचक पूल ओलांडावा लागतो त्याला वास्को द गामाचे नाव आहे. १९९८ साली तो खुला झाला. वसईच्या माणसाने वास्को द गामावरून जाऊन मिठागरे पाहायची, हा योग मला मौजेचा वाटला. बांध तसेच, खाऱ्या चिखलाचा वास तोच, आणि लांब तांबड्या पायांचे शेकाटेही तेच, आपल्या नायगावकडे दिसतात ते. पत्नी बांधावर बसून होती. "यासाठी व्हिसा काढला?" तिने विचारले. तेवढ्यात रोहित पक्ष्यांचा एक थवा गुलाबी रेघ ओढीत पुलाखालून गेला आणि मी उत्तर देण्यातून सुटलो.

ती खरी रमली ती संत अंतोनच्या जन्मस्थानी उभारलेल्या चर्चमध्ये आणि मग भाजीबाजारात. आपण ज्याला पादुआचा म्हणतो तो संत लिस्बनचा, याचा तिथल्या लोकांना अभिमान आहे. बाजारात तिने पाव, बटाटा, अननस, कोबी हे शब्द तिकडच्या उच्चारात ओळखले आणि हॉटेलच्या बाईकडून 'शाव' मागून चावी मिळवली. पोर्तुगीजांनी १५३४ ते १७३९ अशी दोनशे वर्षे वसईवर राज्य केले. त्या राजवटीने आमच्या पूर्वजांना काय दिले आणि काय हिरावून घेतले, यावर आमच्या घरात आजही एकमत नाही. शब्दांबद्दल मात्र तक्रार नाही.

बुधवारी फातिमा. गुरुवार, शुक्रवार तिथेच. १९१७ साली मे ते ऑक्टोबर या महिन्यांत तीन गुराखी मुलांना मरियामातेचे दर्शन घडले ते एका लहानशा होल्म ओक झाडावर. ते झाड आता नाही; जवळचा जुना मोठा ओक मात्र जपलेला आहे. दर्शनाच्या जागी साधे छोटे प्रार्थनालय आहे. तिथल्या मूर्तीच्या मुकुटात, १३ मे १९८१ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांना लागलेली गोळी बसवलेली आहे. उतारावरून त्या प्रार्थनालयाकडे येणाऱ्या गुळगुळीत पट्टीवरून लोक गुडघ्यांवर चालत येतात. पत्नीलाही तसेच यायचे होते. मुलीने, परिचारिकेच्या आवाजात, नाही म्हटले. मग ती हातात मेणबत्ती घेऊन अगदी सावकाश चालत आली. त्या अंतराला तिने अर्धा तास लावला. मी मागे होतो. डोक्यावर पाकोळ्यांचा मोठा थवा किलबिलत होता. त्यात पांढऱ्या पोटाच्या किती आणि साध्या किती हे पाहण्यासाठी माझे हात शिवशिवत होते, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो.

पवित्र गुरुवारी मी पापनिवेदनाला गेलो. धर्मगुरू वयोवृद्ध होते, त्यांना इंग्रजी येत होते. का कोण जाणे, नेहमीची यादी सांगून झाल्यावर मी त्यांना गोवराची गोष्ट सांगितली. त्यापूर्वी ती कधी पापनिवेदनात सांगितली नव्हती. ते पाप आहे असे मला वाटलेच नव्हते. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "हे तू तिला सांगितलेस का?" मी म्हणालो, तिला ते ठाऊकच आहे. त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला.

शनिवारी आग्नेयेला एव्होराकडे निघालो आणि दुर्बीण डिकीतून बाहेर आली. या प्रांतात बूच देणाऱ्या कॉर्क ओकची आणि होल्म ओकची विरळ राने आहेत. बुंध्याची साल दर नऊ वर्षांनी सोलतात, खाली मेंढ्या चरतात. या रानांतून निळ्या पंखांचे, काळ्या टोपीचे, लांब शेपटीचे मॅगपाय कुळातले पक्षी टोळीने फिरतात. त्यांची कथा आपल्याला जवळची वाटावी अशी आहे. हा पक्षी आयबेरियात दिसतो आणि त्याचा जुळा भाऊ थेट चीन-जपानकडे. मधल्या हजारो मैलांत कोणी नाही. तेव्हा पूर्वेकडून परतणाऱ्या पोर्तुगीज खलाशांनीच तो पिंजऱ्यातून आणला असणार, असे बरीच वर्षे मानले जाई. पुढे जिब्राल्टरच्या गुहांत त्याची चाळीस हजार वर्षांहून जुनी हाडे सापडली. तो आधीपासून तिथलाच होता. बाहेरून आलेले, आणलेले, असे शिक्के आपल्याकडेही माणसांवर किती सहज मारले जातात, असे मी म्हणालो. पत्नी म्हणाली, "पक्ष्याला पक्षीच राहू द्या जरा."

पास्काची रात्र एव्होराच्या जुन्या कॅथेड्रलमध्ये काढली. रविवारी दुपारनंतर कास्त्रो व्हेर्दे.

हे गाव म्हणजे माझ्या हिरव्या पेन्सिलीचे काळीज. बाहेर पाहावे तिकडे सौम्य चढउताराची उघडी जमीन. ती सुपीक नाही. शेतकरी एक-दोन वर्षे गहू, ओट घेतात आणि मग दोन-तीन वर्षे जमीन पडीक ठेवतात. तिच्यावर मेंढ्या चरतात. माळढोकाला हेच हवे असते : काही उंच पीक, काही आखूड गवत, काही मोकळे रान, आणि माणसांची वर्दळ कमी. १९९० च्या दशकात या जमिनींवर निलगिरी लावण्याचे बेत होते. तेव्हा निसर्गरक्षणाचे काम करणाऱ्या एका पोर्तुगीज संस्थेने त्यांतल्या काही जमिनी विकत घेतल्या आणि जुनी शेती टिकवणाऱ्या शेतकऱ्यांना युरोपीय निधीतून मोबदला मिळू लागला. २०१७ साली युनेस्कोने या प्रदेशाला जीवावरणक्षेत्राचा दर्जा दिला. सारे काही आलबेल आहे असे नाही. थोरल्याचा धाकटा भाऊ, लिटल बस्टर्ड, तिथेही झपाट्याने घटतो आहे. पण नान्नजची आठवण घेऊन आलेल्या माणसाला ती मैदाने पाहून घशात आवंढा येतो. आपल्याकडे माळ म्हणजे 'पडीक', आणि पडीक म्हणजे वाया. म्हणून त्यावर झाडे लावली, पाणी आणले, ऊस आणला, विजेच्या तारा ओढल्या. माळढोकाला समोरचे नीट दिसत नाही. तो तारांवर आदळून मरतो. मादी बहुधा एकच अंडे घालते. आज देशात हे पक्षी दीडशेच्या आत आहेत, तेही मुख्यतः राजस्थानात. नान्नजला त्यांची वाट पाहणारा फलक आहे.

मी हे सारे मोटारीत तावातावाने सांगत होतो. पत्नी म्हणाली, "लेवीय पुस्तकात हेच तर आहे. सातव्या वर्षी जमिनीला विसावा. ज्युबिली वर्षातही." २०२५ हे ज्युबिली वर्षच होते. चाळीस वर्षे पक्षी पाहून मला जे जोडता आले नाही ते तिने मागच्या आसनावरून जोडले.

रविवारची संध्याकाळ फुकट गेली. दूरवर दोन तपकिरी ठिपके, थरथरती हवा.

सोमवारी, २१ एप्रिलला, उजाडण्यापूर्वी आम्ही मातीच्या रस्त्याकडेला मोटार उभी केली. चंडोलांचे गाणे अंधारातच सुरू झाले होते. पहिल्या उजेडात एक राखी भोवत्या गव्हावरून तरंगत गेला, मोंटेग्यूचा. त्याचे भाईबंद हिवाळ्यात आपल्या सोलापूरच्या माळावर येतात. आणि मग चढावर, तीनशे पावलांवर असेल, एक पांढरा गोळा दिसला. फेसाचा ढीग म्हणावा तसा. नर माळढोकाने पंख उलटे पिळून, शेपूट पाठीवर टाकून आतली सारी पांढरी पिसे बाहेर काढली होती; डोके त्यात बुडाले होते. क्षणभराने त्याने ती पिसे मिटली आणि पुन्हा एक भारदस्त, तांबूस गळ्याचा पक्षी झाला. मग पुन्हा फेस. हंगाम सरत आला होता; माद्या एकीकडे दाणे टिपत होत्या, कोणी पाहत नव्हते. त्याला त्याची फिकीर नव्हती.

मी तिपाईवरची मोठी दुर्बीण पत्नीच्या उंचीला लावून दिली. तिने बराच वेळ पाहिले.

"हाच का तो?"

"त्याचा भाऊ."

"सुंदर आहे," ती म्हणाली. दुर्बिणीचा डोळा तिने सोडला नव्हता. "गोवर उतरायला नऊ दिवस लागले होते."

मुलगी मोटारीत झोपली होती. एकोणचाळीस वर्षे जे वाक्य आहे असे गृहीत धरून चाललो होतो, ते मी त्या रस्त्यावर उभा राहून म्हणालो. माझे चुकले. मी जायला नको होते. वाक्य लहानच होते. ती तशीच दुर्बिणीतून पाहत राहिली. मग बाजूला होऊन म्हणाली, "बघा आता तुम्ही, नाहीतर तो जायचा." मी वाकलो, पण डोळ्यांपुढे काही स्पष्ट दिसत नव्हते, आणि त्या वेळी हवा थरथरत नव्हती.

परतताना तारेवर एक युरोपी नीलपंख बसला होता, आफ्रिकेतून नुकताच आलेला. मार्चमध्ये आलो असतो तर तो दिसला नसता, हे मी तिला सांगितले. तिने ते वहीत लिहून घ्यायला लावले.

नऊच्या सुमारास गावातल्या कॅफेत न्याहारीला शिरलो. आत कोणी बोलत नव्हते. काउंटरमागची बाई हातात फडके घेऊन दूरचित्रवाणीकडे तोंड करून उभी होती. पडद्यावर आदल्या दिवशीचे चित्र होते : बाल्कनीत चाकाच्या खुर्चीवर बसलेले, खोल गेलेल्या आवाजात ईस्टरच्या शुभेच्छा देणारे पोप फ्रान्सिस. खालची अक्षरे आम्हाला वाचता येत नव्हती, पण कळली. पत्नीने क्रूसाची खूण केली. शेजारच्या मेजावरच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. चहा निवून गेला.

आसिसीकराचे नाव घेणारे हे पहिले पोप. त्यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' हे परिपत्रक लिहिले, त्यात नाहीशा होणाऱ्या जीवजातींचे दुःख धर्माच्या भाषेत मांडले. ते वाचले तेव्हा पक्षी पाहण्याबद्दल मला रविवारी वाटणारी अपराधी भावना थोडी कमी झाली होती, हे मी त्यांना कधी कळवू शकलो नसतो. पण कळवावेसे वाटे.

त्या दिवशी मेर्तोलाला जायचे ठरले होते, गेलो. तिथले चर्च पूर्वी मशीद होते. घोड्याच्या नालासारख्या कमानी आणि वेदीमागच्या भिंतीतला मिहराब अजून आहे. पत्नीने तिथे बसून संपूर्ण रोझरी केली. बाहेर छोट्या खरुच्या जुन्या भिंतींच्या भोकांतून ये-जा करीत होत्या. मी त्या मोजल्या नाहीत.

आता ते भूशिर. व्हिन्सेंट हा झारागोझाचा डिकन. सम्राट डायोक्लेशनच्या छळात, इ. स. ३०४ च्या सुमारास तो हुतात्मा झाला. त्याचे उघड्यावर टाकलेले शव एका रेव्हनने, म्हणजे आपल्या डोमकावळ्याहून मोठ्या अशा कावळ्याने, श्वापदांपासून राखले, अशी आख्यायिका आहे. पुढे ते शव या टोकावर आले तेव्हा त्याच्या देवळाभोवतीही हे कावळे राहिले. बाराव्या शतकातल्या अल्-इद्रिसी या अरब भूगोलकारालाही या 'कावळ्यांच्या चर्च'ची माहिती होती. ११७३ साली राजा आफोन्सु हेन्रिक याने अवशेष जहाजाने लिस्बनला नेले तेव्हा दोन कावळे नाळेवर आणि वऱ्हांडीवर बसून सोबत गेले म्हणतात. लिस्बनच्या नगरचिन्हात ते जहाज आणि ते दोन पक्षी आजही आहेत.

तिथे रेव्हन पाहायचाच, असा माझा हट्ट होता. पत्नीलाही त्या संताचे कावळे पाहायचे होते. मंगळवारी दीपगृहाजवळ वारा इतका होता की टोपी हाताने धरावी लागे. तीन तास मी कड्याकड्याने हिंडलो. समुद्रकावळे दिसले, पारवे दिसले, बुधवारी सार्दाँ भूशिराच्या कड्यांवर तर चक्क समुद्राच्या लाटांवर घरटी टांगल्यासारखे बसलेले पांढरे करकोचे दिसले. रेव्हन नाही.

शेवटच्या संध्याकाळी लिस्बनला, कॅथेड्रलच्या उतारावर, पत्नी एकदम थांबली आणि वर बोट दाखवू लागली. रस्त्यावरच्या जुन्या दिव्याच्या खांबावर ओतीव लोखंडाचे जहाज होते. त्याच्या दोन टोकांना दोन कावळे.

तिने माझ्या खिशातली वही काढून घेतली आणि माझ्याच पेन्सिलीने नोंद केली : २४ एप्रिल २०२५, लिस्बन. रेव्हन २. लोखंडी. प्रथम पाहिले पत्नीने.